पांढऱ्यावर पांढरे

दोन कोरे कागद घ्या. पहिल्या कागदाच्या मागे त्याच कागदाची, शर्टाच्या बटणाएवढी एक गोल चकती चिकटवा. दुसऱ्या कागदाच्या मागे तशाच कागदाचे वेडेवाकडे कपटे एकमेकांवर चढतील असे दाटीने चिकटवा आणि त्या गर्दीत कुठेतरी तशीच एक चकती बसवा. आता दोन्ही कागद उन्हाच्या बाजूच्या खिडकीच्या काचेवर धरा आणि हे गुपित माहीत नसलेल्या एखाद्या मित्राला चकती शोधायला सांगा. पहिल्या कागदावरची चकती तो क्षणात दाखवील. दुसऱ्या कागदापुढे तो बराच वेळ घुटमळेल आणि बहुधा "यात चकती नाहीच!" असे सांगून मोकळा होईल.

तुमच्या मित्राची नजर अधू नाही. चकतीही दोन्हीकडे सारखीच आहे. फरक आहे तो तिच्या आजूबाजूला काय आहे याचा. पहिल्या कागदावर चकतीची सावली एकटीच पडली होती. दुसऱ्यावर ती इतर सावल्यांत मिसळून गेली.

हा खेळ घरात खेळला तर करमणूक होते. पण असाच प्रकार रुग्णालयात घडतो, तेव्हा प्रश्न एखाद्या स्त्रीच्या जिवाचा असतो. स्तनाचा कर्करोग लवकर ओळखता यावा म्हणून स्तनांचे क्ष-किरण छायाचित्र काढतात. त्याला मॅमोग्राम असे म्हणतात. काही स्त्रियांच्या बाबतीत गाठ असूनही ती या छायाचित्रात दिसत नाही. यंत्र बिघडलेले नसते, डॉक्टरही निष्काळजी नसतात. मग गाठ लपते कशी? हे समजण्यासाठी क्ष-किरणांचे छायाचित्र म्हणजे काय, येथूनच सुरुवात केली पाहिजे.

छायाचित्र म्हणजे सावलीचे चित्र

१८९५ साली जर्मन शास्त्रज्ञ विल्हेल्म राँटगेन यांनी क्ष-किरणांचा शोध लावला. हे किरण शरीरातून आरपार जातात. पण सर्व भागांतून सारख्या प्रमाणात जात नाहीत. हाडातील कॅल्शियम त्यांना बरेच अडवते, मांस कमी अडवते आणि हवा जवळजवळ अडवतच नाही. पलीकडे ठेवलेल्या फिल्मवर जेथे जास्त किरण पोचतात तो भाग काळा होतो, जेथे कमी पोचतात तो पांढरा राहतो. म्हणून छातीच्या फोटोत बरगड्या पांढऱ्या आणि फुप्फुसे काळी दिसतात. आपल्या खिडकीच्या प्रयोगात याच्या उलट होते: जेथे प्रकाश अडतो तो भाग काळा दिसतो. तत्त्व मात्र एकच.

यावरून एक महत्त्वाचा नियम निघतो. शेजारी-शेजारी असलेल्या दोन वस्तू क्ष-किरणांना कमीअधिक अडवीत असतील तरच त्या छायाचित्रात वेगळ्या दिसतील. दोन्ही सारख्याच अडवीत असतील, तर त्यांच्यातली सीमारेषा चित्रात उमटणारच नाही, मग प्रत्यक्षात त्या कितीही वेगळ्या असोत.

बर्लिनचे शस्त्रवैद्य आल्बर्ट सॉलोमन यांनी १९१३ साली शस्त्रक्रियेने काढलेल्या सुमारे ३,००० स्तनांची क्ष-किरण छायाचित्रे घेऊन त्यांचा अभ्यास केला. कर्करोगाची चिन्हे छायाचित्रात ओळखता येतात असे त्यांना दिसले. पुढे फिल्म, किरणनलिका आणि छायाचित्र घेण्याची पद्धत यांत सुधारणा होत होत १९६० च्या दशकात मॅमोग्राफी रुग्णालयांत रूढ झाली.

शंभर किरणांतले पोचतात किती?

स्तनात मुख्यतः दोन प्रकारच्या ऊती असतात. एक मेदऊती, म्हणजे चरबी. दुसऱ्या प्रकारात दूध तयार करणाऱ्या ग्रंथी, ते वाहून नेणाऱ्या नलिका आणि त्यांना आधार देणाऱ्या तंतुमय ऊती येतात. या दुसऱ्या प्रकाराला आपण सोयीसाठी ग्रंथिल ऊती म्हणू. हाडासारखे कॅल्शियमने भरलेले काही येथे नसते. म्हणून छायाचित्रात फरक दिसावा यासाठी कमी ऊर्जेचे, म्हणजे सुमारे २० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे क्ष-किरण वापरतात.

१९८७ साली कॅनडातील पॉल जॉन्स आणि मार्टिन याफे या शास्त्रज्ञांनी या ऊती क्ष-किरणांना किती अडवतात याची मोजमापे प्रसिद्ध केली. त्यांच्या आकड्यांवरून एक साधा हिशेब मांडता येतो. या ऊर्जेचे १०० किरण १ सेंटिमीटर जाडीच्या थरावर सोडले, तर

चरबीतून सुमारे ६३ किरण पार होतात;
ग्रंथिल ऊतींतून सुमारे ४५;
आणि कर्करोगाच्या गाठीतून सुमारे ४३.

हे तीन आकडे नीट पाहा, कारण सगळे रहस्य त्यांतच आहे. गाठ चरबीत असेल तर ६३ च्या शेजारी ४३ अशी स्थिती येते. गाठीमागे सभोवतालच्या भागापेक्षा जवळजवळ एक-तृतीयांश किरण कमी पोचतात. काळपट पार्श्वभूमीवर पांढरा डाग उठून दिसतो. पण तीच गाठ ग्रंथिल ऊतींत असेल तर ४५ च्या शेजारी ४३! फरक जेमतेम चार टक्क्यांचा. पांढऱ्यावर पांढरे.

चार टक्क्यांचा फरक उपकरणाला कळणार नाही का, असे तुम्ही विचाराल. कळेल, पण तेवढ्याने भागत नाही. ग्रंथिल ऊतींचा थर सगळीकडे सारख्या जाडीचा नसतो. चरबीच्या जागी ग्रंथिल ऊतींची जाडी अवघ्या सव्वा मिलिमीटरने वाढली, तरी तेवढाच चार टक्क्यांचा फरक पडतो. असे चढउतार निरोगी स्तनात जागोजाग असतात. म्हणजे प्रश्न नुसता फरक दिसण्याचा नाही. असंख्य निरुपद्रवी फरकांतून एक घातक फरक निवडून काढण्याचा आहे. तुमचा मित्र कागदाच्या कपट्यांत चकती शोधताना ज्या अडचणीत सापडला होता, तीच ही अडचण.

मॅमोग्राम काढताना स्तन दोन सपाट पट्ट्यांमध्ये दाबून धरतात. त्याने क्षणभर त्रास होतो. पण ऊती पसरतात, एकमेकींवर पडणाऱ्या सावल्या थोड्या सुट्या होतात आणि किरणांची मात्राही कमी लागते. तरीही काही सेंटिमीटर जाडीतील सर्व थरांच्या सावल्या शेवटी एकाच सपाट चित्रावर पडतात, हे विसरून चालणार नाही.

घन स्तन म्हणजे काय?

ज्या स्तनात चरबीच्या मानाने ग्रंथिल ऊती जास्त असतात त्याला 'घन' म्हणतात. येथे 'घन' हा शब्द क्ष-किरण छायाचित्रापुरता आहे. स्तन हाताला घट्ट लागतो की मऊ यावरून ही घनता कळत नाही. ती मॅमोग्राममध्येच दिसते. हा रोगही नव्हे. एखाद्याची उंची जास्त असते, एखाद्याची कमी, तसाच हा शरीराचा एक गुण आहे. त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. तरुण वयात घनता जास्त असते. वय वाढते तसे, विशेषतः रजोनिवृत्तीनंतर, ग्रंथिल ऊती कमी होऊन त्यांची जागा चरबी घेते. पण सर्वच स्त्रियांत तसे होत नाही.

मॅमोग्राम पाहणारे क्ष-किरणतज्ज्ञ घनतेचे चार वर्ग करतात: जवळजवळ पूर्ण मेदयुक्त, विखुरलेल्या ग्रंथिल ऊतींचा, बराच घन आणि अत्यंत घन. अमेरिकेतील चाळिशीपुढच्या स्त्रियांत पहिल्या व चौथ्या वर्गात प्रत्येकी सुमारे दहा टक्के, तर मधल्या दोन वर्गांत प्रत्येकी सुमारे चाळीस टक्के स्त्रिया येतात. म्हणजे जवळजवळ निम्म्या स्त्रियांचे स्तन घन असतात. जे निम्म्या लोकांत आढळते त्याला विकृती कसे म्हणणार?

पण त्याचा परिणाम किती होतो हे आकड्यांनी दाखवून दिले आहे. अमेरिकेत २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत, मेदयुक्त स्तनांतील १०० कर्करोगांपैकी सुमारे ८७ मॅमोग्राममध्ये सापडले; अत्यंत घन स्तनांतील १०० पैकी सुमारे ६३ च सापडले. बाकीचे ३७ छायाचित्रातून निसटले.

याला आणखी एक बाजू आहे. डेट्रॉइटचे क्ष-किरणतज्ज्ञ जॉन वुल्फ यांनी १९७६ सालीच असे मांडले होते, की मॅमोग्राममधील ऊतींच्या ठेवणीचा कर्करोग होण्याच्या शक्यतेशी संबंध आहे. त्यावर पुष्कळ वाद झाला. कॅनडातील नॉर्मन बॉइड व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली दाखविले, की ज्यांच्या मॅमोग्रामचा तीन-चतुर्थांश किंवा अधिक भाग घन असतो, त्यांना कर्करोगाचा धोका एक-दशांशाहून कमी भाग घन असलेल्या स्त्रियांच्या सुमारे पावणेपाच पट असतो. आणि 'काही आढळले नाही' असा मॅमोग्राम झाल्यावर वर्षभराच्या आतच कर्करोग उघडकीस येण्याचा धोका तर जवळजवळ अठरा पट असतो. जेथे शोधणे कठीण, तेथेच शोधण्याची गरज जास्त, असा हा पेच आहे.

अकरा वर्षांचे निर्वाळे

अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात डॉ. नॅन्सी कॅपेलो नावाच्या शिक्षणक्षेत्रातील एक विदुषी होत्या. त्या दर वर्षी न चुकता मॅमोग्राम काढून घेत. ओळीने अकरा वर्षे त्यांना सर्व ठीक असल्याचा निर्वाळा मिळाला. अशा शेवटच्या निर्वाळ्यानंतर सुमारे सहाच आठवड्यांनी, २००४ च्या आरंभी, नेहमीच्या तपासणीत त्यांच्या डॉक्टरांच्या बोटांना स्तनात एक उंचवटा लागला. पुन्हा मॅमोग्राम काढला. त्यात काहीच दिसले नाही. मग श्राव्यातीत ध्वनीने, म्हणजे आपण जिला सोनोग्राफी म्हणतो त्या पद्धतीने तपासले, तेव्हा सुमारे अडीच सेंटिमीटरची गाठ स्पष्ट दिसली. कर्करोग १३ लसीका ग्रंथींपर्यंत पसरलेला होता.

मॅमोग्राममध्ये हे का दिसले नाही, असे त्यांनी विचारले. उत्तर मिळाले: तुमचे स्तन घन आहेत. त्यांनी हा शब्द त्यापूर्वी कधी ऐकलाच नव्हता. डॉक्टरांकडे जाणाऱ्या अहवालांत मात्र तो लिहिलेला होता. ज्या माहितीवर त्यांचे प्राण अवलंबून होते ती त्यांच्याशिवाय सर्वांना ठाऊक होती!

कॅपेलो यांनी उपचार घेतले आणि बरोबरच कायद्यासाठी झगडा सुरू केला. २००९ साली कनेक्टिकटने, अमेरिकेत प्रथमच, स्त्रीला तिच्या स्तनांच्या घनतेची माहिती कळविणे कायद्याने बंधनकारक केले. मागोमाग अनेक राज्यांनी तसे कायदे केले. उपचारांच्या दूरगामी दुष्परिणामांमुळे नॅन्सी कॅपेलो २०१८ साली निधन पावल्या. १० सप्टेंबर २०२४ पासून अमेरिकेतील प्रत्येक मॅमोग्राफी केंद्राला स्त्रीला तिचे स्तन घन आहेत की नाहीत हे लेखी कळवावे लागते.

वेगळ्या खिडक्या

सावलीने काम भागत नसेल तर काय करावे? उपाय दोन: सावल्या सुट्या कराव्यात, नाहीतर सावलीखेरीज दुसरा एखादा गुण शोधावा.

पहिल्या उपायाचे उदाहरण घरीच पाहता येते. आपले कपटे एकाच कागदावर न चिकटवता काही एका काचेवर आणि काही तिच्यापासून वीतभर अंतरावर धरलेल्या दुसऱ्या काचेवर चिकटवा. आता डोके डावी-उजवीकडे हलवून पाहा. जवळचे आणि दूरचे कपटे एकमेकांपासून सरकतात आणि मागे दडलेली चकती बाहेर येते. टोमोसिंथेसिस या पद्धतीत किरणनलिका एका कमानीत फिरवून वेगवेगळ्या कोनांतून छायाचित्रे घेतात आणि संगणक त्यांच्यापासून एकेका थराचे चित्र तयार करतो. अमेरिकेत या पद्धतीला २०११ साली मान्यता मिळाली. तरी हेही क्ष-किरणच. ४५ आणि ४३ मधला फरक ते वाढवू शकत नाहीत.

दुसऱ्या उपायात खिडकीच बदलायची. श्राव्यातीत ध्वनी ऊतींवर आदळून परत येतो. त्याच्या चित्रात ग्रंथिल ऊती उजळ आणि कर्करोगाची गाठ बहुधा काळपट दिसते. क्ष-किरणांना जे एकसारखे वाटले, ते ध्वनीला वेगळे वाटते! जपानमध्ये चाळीस ते एकोणपन्नास वयाच्या सुमारे ७३,००० स्त्रियांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. नुसत्या मॅमोग्राफीने १०० पैकी ७७ कर्करोग सापडले. जोडीला सोनोग्राफी केल्यावर ९१ सापडले.

एम.आर.आय. ही तिसरी खिडकी. कर्करोगाची गाठ स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या निर्माण करते, आणि त्या गळक्या असतात. शिरेतून गॅडोलिनियमयुक्त द्रव्य दिले तर ते गाठीत चटकन साठते आणि चुंबकीय चित्रात ती जागा उजळते. नेदरलँड्समध्ये अत्यंत घन स्तन असलेल्या, पण मॅमोग्राममध्ये काही न आढळलेल्या ४०,३७३ स्त्रियांचा अभ्यास करण्यात आला. त्याचे निष्कर्ष २०१९ साली आले. दोन तपासण्यांच्या मधल्या काळात अचानक उघडकीस येणाऱ्या कर्करोगांचे प्रमाण नुसत्या मॅमोग्राफीच्या गटात हजारी ५ होते, ज्यांना एम.आर.आय.साठी बोलावले होते त्या गटात ते हजारी अडीच झाले.

मग सर्वांचे एम.आर.आय. का करू नये? कारण तीक्ष्ण नजरेला नसलेले धोकेही दिसतात. याच अभ्यासात एम.आर.आय. केलेल्या दर हजार स्त्रियांपैकी सुमारे ८० जणींना कर्करोग नसतानाही पुढील तपासण्यांना तोंड द्यावे लागले. जपानच्या चाचणीतही सोनोग्राफीमुळे विनाकारण पुढे बोलवाव्या लागलेल्या स्त्रियांचे प्रमाण शेकडा सुमारे ९ वरून १२ वर गेले. त्यात खर्च आहे आणि जिवाला घोरही आहे. कोणाला कोणती तपासणी हवी, हे वय, घराण्यातील कर्करोगाचा इतिहास आणि घनता पाहूनच डॉक्टर ठरवतात.

मॅमोग्राफी निरुपयोगी आहे असाही निष्कर्ष काढू नका. स्वीडनमधील मोठ्या चाचणीत मॅमोग्राफीमुळे स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे ३१ टक्क्यांनी कमी झाल्याचे १९८५ साली दिसून आले होते. आरंभीच्या काही कर्करोगांत कॅल्शियमचे बारीक कण साठतात. ते घन स्तनातही पांढऱ्या ठिपक्यांच्या रूपात दिसू शकतात. खिडकी चांगली आहे. तिच्यातून काय दिसत नाही हे आपल्याला माहीत हवे, इतकेच.

आपल्याकडे काय?

भारतीय स्त्रियांत आढळणाऱ्या कर्करोगांत स्तनाचा कर्करोग आज पहिल्या क्रमांकावर आहे. पाश्चात्त्य देशांच्या मानाने आपल्याकडे तो कमी वयात होण्याचे प्रमाण जास्त आहे, आणि कमी वय म्हणजे बहुधा जास्त घनता. शिवाय गावोगावी मॅमोग्राफीची यंत्रे नाहीत. म्हणून मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ साली वेगळीच वाट धरली. मुंबईतील वस्त्यांमधल्या सुमारे दीड लाख स्त्रियांचे दोन गट करून, एका गटातील स्त्रियांच्या स्तनांची प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी ठरावीक काळाने हाताने तपासणी केली. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या गटात कर्करोग आधीच्या अवस्थेत सापडले, आणि पन्नाशीपुढच्या स्त्रियांत मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत मात्र मृत्यूंत घट दिसली नाही. म्हणजे हाताच्या बोटांनाही मर्यादा आहेत. पण कॅपेलो यांची गाठ प्रथम बोटांनाच लागली होती, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे.

विज्ञानाच्या प्रत्येक उपकरणाचे उत्तर त्याच्या मर्यादेसकट वाचायचे असते. तराजूचा काटा हलला नाही, तर वस्तूला वजन नाही असे म्हणू नये. या तराजूला कळेल इतके वजन नाही, एवढेच म्हणावे. 'आढळले नाही' आणि 'नाही' हे दोन शब्दप्रयोग व्यवहारात आपण एकाच अर्थाने वापरतो. प्रयोगशाळेत त्यांतला फरक गुणांचा असतो. रुग्णालयात तो आयुष्याचा असू शकतो.

तुमच्या घरी आई, काकू, मावशी, आजी आहेत. हा लेख त्यांना वाचून दाखवा. स्तनात किंवा काखेत गाठ लागणे, त्वचेवर खळी पडणे, स्तनाग्र आत ओढले जाणे किंवा त्यातून रक्तासारखा स्राव येणे, यांपैकी काहीही दिसले तर संकोच न करता डॉक्टरांकडे जावे, अगदी कालचा मॅमोग्राम चांगला आलेला असला तरीही. आणि मॅमोग्राम काढलाच, तर अहवाल हाती घेताना एक प्रश्न जरूर विचारावा: "माझे स्तन कोणत्या घनतेच्या वर्गात येतात?" हा प्रश्न कॅपेलो यांना अकरा वर्षे कोणी सुचविला नव्हता. तुम्ही तो आज घरी सुचवू शकता.